घर बघायला आलेल्या वसुधाताई

आमचं कांडपाचं मशीन चालू असलं की घरात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेत तिखट-मसाला कांडून द्यायचा आमचा धंदा. उन्हाळ्यात सकाळपासून मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बायका दारात उभ्या असतात, म्हणून मशीन मधेच बंद करायचं नाही असा मी घरातल्या सगळ्यांना दम देऊन ठेवलाय. त्या सकाळी माझी सून भाग्यश्री आली आणि तिनं सरळ बटण दाबून मशीन बंद केलं. मी बोलायला तोंड उघडलंच होतं... पण तिचा चेहरा बघितला. "मम्मी, वसुधाअज्जी गेल्या," ती म्हणाली. डोंबिवलीहून त्यांच्या मुलीचा फोन आला होता. झोपेतच गेल्या, काही त्रास नाही, कुणाला काही करायला लावलं नाही. मी तिखटानं माखलेले हात तसेच धरून उभी राहिले. डोळे पुसावेत तर हाताला तिखट, आणि नाही पुसावेत तर ते थांबेनात. शेवटी भाग्यश्रीनंच तिच्या ओढणीनं माझं तोंड पुसलं. ही सून आज माझ्या घरात आहे ती वसुधाताईंमुळं, आणि वसुधाताई माझ्या घरात आल्या त्या माझ्या एका गैरसमजामुळं. ती गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल मला दुसरं काही सांगताच येणार नाही.

सागर आमचा एकुलता एक. पुण्यात नोकरी, निर्व्यसनी, दिसायला बापावर गेलाय म्हणजे ठीकठाक. पण तिशी उलटली तरी लग्न जमेना. पेठेत अशा मुलाच्या आईला भाजी आणायला बाहेर पडायची चोरी. "काय ओ, कुठं जमलं का न्हाई?" हा प्रश्न मेथीच्या पेंडीबरोबर फुकट मिळायचा. स्थळं यायची, सागर काहीतरी खुसपट काढायचा. मी उपास धरले, त्याच्या पप्पांनी बोलणं सोडलं. घरात आम्ही दोघंच, वरची खोली रिकामी. म्हणून सागरनं परस्पर फिरस्त्या लोकांच्या कुठल्याशा ॲपवर आमचं घर घातलं होतं. पाठीवर सॅक टाकून हिंडणाऱ्यांना आपल्या घरी उतरवून घ्यायचं, गाव दाखवायचं, असा तो प्रकार. आईबापाला सोबत होईल, असा त्याचा विचार. विचार चांगला होता, पण मला तो सांगायला त्यानं फोन केला तो मशीन चालू असताना. मला ऐकू आलं ते एवढंच: "मम्मी, परवा पावणी येत्यात... डोंबिवलीच्या... दोन दिवस राहतील... घर जरा नीट ठेव, त्या बघून..." पुढचं मिरचीबरोबर कांडलं गेलं. 'बघून ॲपवर लिहितात' असं तो म्हणाला होता म्हणे. मी आपलं 'बघून सांगतात' असं पुरं करून घेतलं.

आता कोल्हापुरात पावणं हा शब्द कुणालाही चालतो. रस्ता विचारणारा पावणं, रिक्षात शेजारी बसलेला पावणं, दुकानात सुट्टे मागणाराही पावणंच. पण ज्या घरात लग्नाचा मुलगा आहे तिथं पावणं म्हणजे एकच, मुलीकडचे. आणि मुलगी द्यायच्या आधी घर बघायला माणूस पाठवायची आमच्याकडं रीत आहे. येणारा माणूस पाण्याचा नळ बघतो, न्हाणीघर बघतो, वर किती खोल्या ते बघतो आणि मग पेठेत चार ठिकाणी गुपचूप मुलाची चौकशी करतो. मी फोन ठेवला आणि शेजारच्या अक्काताईंना भिंतीवरून हाक मारली. अक्काताई म्हणजे पेठेचं आकाशवाणी केंद्र. संध्याकाळपर्यंत गंगावेशीपर्यंत कळलं की सागरचं घर बघायला माणूस येणार आहे. सागरच्या पप्पांनी न्हाणीघराचा दरवाजा रंगवायला काढला. मी मटणवाल्याला सांगून ठेवलं.

आणि वसुधाताई आल्या. साठी कधीच ओलांडलेली, बारीक कापलेले पांढरे केस, पँटवर कुर्ता, पायात बूट आणि पाठीवर त्यांच्या डोक्याच्याही वर जाणारी सॅक. सागरचे पप्पा सॅक घ्यायला पुढं झाले तर "राहू द्या, सवय आहे" म्हणत त्या स्वतःच ती घेऊन जिना चढल्या. मी मनात म्हटलं, शहरातली माणसं हुशार. मुलीच्या आत्याला असा वेश देऊन पुढं पाठवलंय. बरं, त्यांचे प्रश्न तरी कसे! "पाणी किती वाजता येतं?" "बाथरूम कुठे आहे?" "वर आणखी कुणी राहतं का?" "घरात तुम्ही दोघंच?" आणि शेवटी, "सागर येतो का अधूनमधून?" एका प्रश्नाला तरी माझा संशय फिटावा ना. मी सगळी उत्तरं अशी दिली की मुलाखतीला बसलेल्यानंही दिली नसतील.

त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी तिच्या संसारात. आयुष्यभर एका खुर्चीवर बसून सगळ्या गावांची नावं घेतली, आता ती गावं बघायची, म्हणून निघालेल्या. पहिल्या संध्याकाळी मी म्हटलं, "बसा तुम्ही, मी चहा टाकतो." त्यांनी वळून मागं बघितलं. मग खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "नोकरीत कोल्हापूरचा कॉल आला की बाईचा आवाज 'मी बोलतो' म्हणायचा. कितीतरी दिवस मला वाटायचं, लाईनवर दोघं आहेत." आमच्याकडच्या बायका येतो, जातो, करतो असंच बोलतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. ती तक्रार नव्हती, त्यांना त्याची गंमत वाटली होती. रात्री मी तांबडा-पांढरा रस्सा वाढला. त्यांनी पांढरा रस्सा तीनदा घेतला आणि जेवण झाल्यावर आपलं ताट उचलून मोरीत घासायला बसल्या. मी ताट हिसकावून घेतलं. मुलीकडच्या बाईनं माझ्या घरात ताट घासलं असं बाहेर कळलं असतं तर मेले असते मी.

दोन दिवसांसाठी आलेल्या, पण त्यांना कसलीच घाई नव्हती. लोक कोल्हापुरात येतात, देवी, पन्हाळा, जोतिबा उरकतात आणि संध्याकाळच्या गाडीला पळतात. वसुधाताई सकाळी रंकाळ्यावर जाऊन नुसत्या बसायच्या. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार ग्लासात पडताना बघत उभ्या राहायच्या आणि ओठावर फेसाची मिशी घेऊन परत यायच्या. दुपारी आमच्या कांडपात पोत्यावर बसून बायकांबरोबर मिरच्यांची देठं खुडायच्या. शिंकून शिंकून नाक लाल, पण उठायचं नाव नाही. संध्याकाळी अक्काताईंबरोबर तालमीच्या पायरीवर बसून पोरांचा फुटबॉल बघायचा. कोण कुणाचा पोरगा, कुणाचा गुडघा कधी मोडला, सगळं त्यांना दोन दिवसांत पाठ. आणि जातील तिथं त्यांना सागरबद्दल ऐकावं लागे. दूधवाला म्हणाला, "ताई, आमच्या म्हशीच्या दुधावर वाढलाय पोरगा. सुपारीचं खांड तोंडात धरत न्हाई." मिसळवाला म्हणाला, "मिसळीवर कट दोनदा मागतो, पर आवाज चढवून न्हाई." अक्काताई तर म्हणाल्या, "गरीब गाय हाय ओ नुसती." तिसऱ्या दिवशी देठं खुडता खुडता वसुधाताईंनी मला विचारलं, "सागर कुठल्या निवडणुकीला उभा राहतोय का हो?" मी लाजले. मला वाटलं, पसंती आली.

मी त्यांना सागरचे जावळाचे फोटोही दाखवले होते. त्यांनी कौतुकानं तसं त्याला कळवलं, आणि सागर घाबरून शनिवारी सकाळच्या गाडीनं घरी हजर झाला. दारातच म्हणाला, "मम्मी, त्यास्नी माझं फोटो कशाला दाखवलंस?"

"घर बघायला आल्यात, मग पोरगा दाखवायला नको?"

"घर बघायला? अगं, फिरायला आल्यात त्या! मी फोनवर सांगितलं न्हाई तुला?"

"फिरायला?" मी म्हटलं. माझा आवाज एरवीच मशीनच्या वरचा. "मग पांढरा रस्सा कशाला केला मी?"

हे वाक्य मी वसुधाताईंसमोर बोलले. त्या उंबऱ्यावर बसून चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. सागर मात्र आता पेटला होता. वर्षानुवर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. लगीन, लगीन, लगीन, दुसरं काय सुचतं का न्हाई तुमास्नी, असं सुरू झालं आणि शेवटी तो ओरडला, "माझं मी बघितलंय! झालं समाधान? भाग्यश्री हाय नाव. गडहिंग्लजकडची. लिंगायत हाय." गल्लीत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनीसुद्धा बॉल थांबवला. सागरचे पप्पा रंगाचा ब्रश हातात धरून न्हाणीघराच्या दारात उभे. त्या शांततेत वसुधाताई हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी मुलीकडची नाही, एवढं तरी ठरलं."

थोड्या वेळानं मी वर गेले तर त्या सॅक भरत होत्या. घरचं बोलणं घरात व्हावं, आपण मध्ये नको, असं त्यांचं म्हणणं. मला रडू येत होतं, राग येत होता, लाज तर विचारूच नका. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "चार दिवस खाल्लासा, आणि आता अर्ध्यात सोडून चाललाय व्हय? राहावा की!" त्यांनी सॅकमधून एक कुर्ता परत बाहेर काढला. एकच. मग दोघी पलंगावर बसलो. त्यांनी विचारलं, "खरं सांगा. मी मुलीकडची नाही हे आधीच कळलं असतं, तर पांढरा रस्सा मिळाला असता?" मी म्हटलं, "पहिल्या दिवशी आमटी-भाकरी. रस्सा तुमचं तोंड बघून ठरवला असता." त्यांना हे उत्तर इतकं आवडलं की पुढं ते त्यांनी कुणाकुणाला सांगितलं असेल देव जाणे.

पण माझं मन काही वळत नव्हतं. आम्ही मराठे, ते लिंगायत. आमच्याकडं बुधवार, शुक्रवार, रविवार मटण. त्यांच्याकडं अंडंसुद्धा उंबऱ्याबाहेर. जातीचं बोलायला मी संकोचत होते, म्हणून सगळं भांडण मटणावर आणून ठेवलं होतं. "ती हात लावणार न्हाई मटणाला. मग माझ्यामागं या घरात रस्सा कोण करणार?" वसुधाताई म्हणाल्या, "मी खाल्लाय तुमच्या हातचा. तुम्ही आहात तोवर दुसऱ्या कुणाला करू देऊ नका." त्यांनी मला समजावलं नाही, माणुसकी वगैरे शिकवली नाही. मी बोलत राहिले, त्या देठं खुडत राहिल्या. असे आणखी तीन-चार दिवस गेले, आणि मी बोलून बोलून दमले. मग एका सकाळी त्यांनी सॅक पाठीवर घेतली आणि म्हणाल्या, "मला तसंही गडहिंग्लज बघायचंच आहे. या वेळी घर बघायला खरोखर जाऊ का?"

त्या एकट्या गेल्या. सागरनं मुलीला आधी कळवलं होतं. भाग्यश्रीच्या वडिलांचं भुसाराचं दुकान, स्वभावानं तापट, आणि मुलीनं परस्पर ठरवलं म्हणून घरात आठवडाभर अबोला. अशा घरात ही बाई बुटाची नाडी सोडत म्हणाली, "मी मुलाचं घर बघून आले आहे. तुम्ही विचारा, मी सांगते." त्यांनी काय सांगितलं ते पुढं भाग्यश्रीनं मला जसंच्या तसं ऐकवलं. पाणी सकाळी येतं, दोन तास पुरतं. वरची खोली हवेशीर आहे. न्हाणीघराचा दरवाजा नवा रंगवलाय, रंग भयंकर आहे. मुलगा गरीब गाय आहे असं पेठेत सगळे सांगतात, पण तो ओरडूही शकतो, ते मी स्वतः बघितलंय, तेव्हा काळजी नको. आणि सासू? "सासू आवाजानं मोठी आहे. पण ऐकते. मशीन बंद असलं की."

मग त्यांनी तिथूनच मला फोन लावला. मशीन चालू होतं, तरी त्या दिवशी फोन मी हातातच धरून बसले होते. मी स्वतः उठून बटण बंद केलं. त्या म्हणाल्या, "भाग्यश्रीच्या आईला देते. मी फक्त जोडून देते, बोलायचं तुम्ही." आणि फोन देऊन त्या अंगणात निघून गेल्या. पलीकडून कानडी वळणाचा हळू आवाज आला, "नमस्कार री, अक्का." त्याही घाबरलेल्या, मीही. मग त्या म्हणाल्या, "आमच्या पोरीला मटणाचा वास सोसत न्हाई री." आणि मी, जिनं याच गोष्टीवर घर डोक्यावर घेतलं होतं ती मी, पटकन म्हणाले, "माझ्याकडं दोन चुली हायत. एक तिची." हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. पण एका आईचा आवाज कानात आल्यावर दुसरं काय बोलणार?

लग्नात वसुधाताई नेसल्या होत्या इरकली, आणि खाली बूट. दोन्हीकडचे त्यांना आपापल्या बाजूला ओढत होते. त्यांनी पहिली पंगत लिंगायतांच्या आचाऱ्याची घेतली, दुसऱ्या दिवशी आमच्याकडं रश्श्यावर ताव मारला, आणि दोन्हीकडं 'इथलंच बरं' असं सांगून मोकळ्या झाल्या. लग्नानंतर सागरनं कोल्हापुरातच नोकरी धरली. वसुधाताई तर पुढं यायच्या तेव्हा कळवायच्यासुद्धा नाहीत. आमचं एकच भांडण ठरलेलं. निघताना मी हातात नारळ ठेवायची, गुळाची ढेप द्यायची, चटणीचा डबा द्यायची, आणि त्या म्हणायच्या, "अहो, हे सगळं पाठीवर न्यायचंय मला." मी म्हणायची, "मग पाठ मोठी करा की." शेवटी नारळ आमच्याच पायरीवर फोडायचा, पोरांना वाटायचा आणि चटणी तेवढी न्यायची, असा तोडगा निघाला. भाग्यश्रीशी त्या मोडकं कानडी बोलायच्या. ती सुधारत बसायची, आणि दोघी अशा हसायच्या की मला मशीन चालू ठेवूनही ऐकू यायचं.

या संक्रांतीनंतर आल्या त्या शेवटच्या. सॅक लहान झाली होती, जिना चढताना मध्ये थांबत होत्या. राधानगरीला जायचं ठरलं होतं, पण म्हणाल्या, "नको, इथंच बसू." दिवसभर कांडपात बसल्या. बायकांना कुठली मिरची रंगाला, कुठली तिखटाला, हे सांगत होत्या, जशा काही मालकीणबाईच! मला बरं वाटत होतं. त्या थकल्यात हे दिसत होतं, तरी बरं वाटत होतं.

त्या गेल्याचं कळल्यावर आम्ही चौघं डोंबिवलीला गेलो. जायच्या आधी अक्काताईंनी विचारलं होतं, "आपल्याला सुतक लागतं का गं?" रक्ताचं नातं नाही, सुतक कुठलं? तरी मी कांडप बंद ठेवलं होतं, आणि मिरच्या घेऊन आलेल्या एकाही बाईनं तक्रार केली नाही. वसुधाताईंच्या मुलीला मी पहिल्यांदाच बघत होते. तिनं आम्हाला ओळखलं ते आवाजावरून. मी दारात "येऊ का आत?" एवढंच विचारलं होतं, पण खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असणार. ती माझा हात धरून म्हणाली, "आई शेवटी शेवटी घरातसुद्धा 'मी येतो', 'मी करतो' म्हणायची. आम्ही चेष्टा करायचो. ती म्हणायची, तिकडं सगळ्या असंच बोलतात..." मग आम्ही दोघी रडलो, आणि थोड्या वेळानं त्याच गोष्टीवर हसलो.

परत आलो त्याच आठवड्यात ॲपवरून एक मुलगी यायची होती, वर्ध्याची, एकटीच फिरणारी. सागर म्हणाला, "मम्मी, या वेळी नको म्हणून कळवू का?" मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं फोन खिशात टाकला. मुलगी आली. धुळीनं भरलेली, भुकेली, मोठ्या सॅकखाली वाकलेली. तिला वरची खोली दिली. पहिल्याच दिवशी रस्सा चढवला, दुसऱ्या चुलीवर भाग्यश्रीची आमटी. वासाबरोबर अक्काताई आल्या. जिन्याकडं बघत, आवाज शक्य तेवढा खाली आणून त्यांनी विचारलं, "कुणाच्याकडची गं ही?"

मी भाकरी थापता थापता म्हटलं, "वसुधाताईंच्याकडची."

"अगं मग तसं सांग की आधी," अक्काताई म्हणाल्या, आणि घरून दही आणायला गेल्या.